दंत विभागातील जंतुसंसर्ग-नियंत्रण व रुग्णसुरक्षा : महासाथीने शिकविलेले धडे

वार्षिक अहवालात दरवर्षी एखाद्या विभागाच्या कामकाजावर सविस्तर टिपण देण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा त्यासाठी दंत विभागाची निवड करण्यात आली आहे. कोरोना महासाथ सुरू झाली त्याला आता पाच वर्षे उलटून गेली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि त्या दिवसांच्या आठवणीही हळूहळू पुसट होऊ लागल्या आहेत. नेमक्या अशाच वेळी त्या काळाचा हिशेब मांडून ठेवणे आवश्यक असते. कारण आठवण पुसट झाली की शिस्तही सैल होते.

आम्ही व्यवस्थापनाचे लोक वाणिज्य शाखेतून आलेले. वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु जमा आणि नावे या दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडाव्यात, एवढे शिक्षण आम्हास मिळाले आहे, आणि रुग्णसुरक्षेचा ताळेबंदही त्याच रीतीने मांडावयास हवा, अशी आमची धारणा आहे. पुढील मजकुरातील वैद्यकीय भाग आमच्या दंतशल्यचिकित्सकांनी समजावून दिला व तपासून घेतला आहे. चुकांची कबुली मात्र आमची आहे.

दंतोपचारातील धोका

इतर बहुतेक तपासण्यांच्या वेळी रुग्णास मुखपट्टी लावून बसावयास सांगता येते. दंतोपचारात रुग्णाने तोंड उघडल्यावाचून कामास प्रारंभच होत नाही. डॉक्टरांचा चेहरा रुग्णाच्या चेहऱ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर असतो. दात कोरणारे एअरोटर मिनिटाला सुमारे दोन ते चार लाख फेरे घेते. त्या वेगाने दात तापू नये म्हणून त्यावर सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. दातांवरील कीटण काढणाऱ्या स्केलरचीही तीच गत. हे पाणी लाळेत, क्वचित रक्तात मिसळते आणि त्याचे तुषार चहूकडे उडतात. मोठे थेंब खुर्ची, दिवा, डॉक्टरांचा अंगरखा यांवर पडतात. अतिसूक्ष्म थेंब मात्र काही काळ हवेतच तरंगत राहतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत, हीच त्यातील खरी अडचण.

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. ११ मार्चला जागतिक महासाथ जाहीर झाली. राज्य शासनाने मुंबई-पुण्यातील प्लेगच्या काळात झालेला १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. दंतवैद्यक हा त्या काळातील सर्वाधिक जोखमीच्या व्यवसायांपैकी एक मानला जात होता. साहजिकच देशभरातील बहुतेक दंतचिकित्सालयांची दारे बंद झाली. आमच्या विभागाचेही दार बंद झाले.

बंद दाराची किंमत

टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही मुख्य प्रवेशद्वारावर एक फलक लावला : ‘दंत विभाग पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’ फलकाचा मसुदा आमचाच होता. त्यात तातडीच्या रुग्णाने काय करावे, कोणास दूरध्वनी करावा, याचा एका अक्षरानेही उल्लेख नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जवळच्या खेड्यातील एक शेतमजूर दाढदुखीची तक्रार घेऊन फाटकापाशी आले. पहारेकऱ्याने फलकाकडे बोट दाखविले. “दादा, दाताचं बंद आहे. सगळं सुरू झालं की या,” असे तो म्हणाला. त्याचे काही चुकले नाही. त्याला आम्ही जे सांगितले होते तेच त्याने सांगितले. चौथ्या दिवशी त्याच गृहस्थांना त्यांच्या भावाने मोटारसायकलवर मागे बांधून आणले, तेव्हा दाढेच्या मुळाशी झालेला पू जबड्याखाली आणि गळ्यात उतरला होता. जीभ वर उचलली गेली होती, थुंकी गिळता येत नव्हती आणि श्वास घेताना घरघर ऐकू येत होती. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून पू काढावा लागला. पुढील काही दिवस ते अतिदक्षता विभागात होते. ते वाचले, याचे श्रेय शस्त्रक्रिया व भूल विभागांतील आमच्या डॉक्टरांना आहे. परंतु जे दुखणे दाढ काढून व प्रतिजैविके देऊन अर्ध्या तासात आटोपले असते ते त्यांच्या जिवावर बेतले, ते आमच्या एका ओळीच्या फलकामुळे.

त्या रात्रीनंतर फलक बदलला. ‘बंद’ हा शब्द काढून टाकला. त्या जागी दंतशल्यचिकित्सकांचा दूरध्वनी क्रमांक आणि चार लक्षणे ठळक अक्षरांत लिहिली : चेहऱ्यावर वा जबड्याखाली सूज, न थांबणारा रक्तस्राव, तोंड उघडण्यास अथवा गिळण्यास त्रास, आणि तोंडास झालेली इजा. यांपैकी एक जरी लक्षण असेल तरी रुग्णास आत घ्यावयाचे, असा लेखी आदेश पहारेकऱ्याच्या हाती दिला. बाकीच्यांना दूरध्वनीवरून सल्ला मिळू लागला.

मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतचिकित्सकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांचा आशयही हाच होता : प्रतिबंधित क्षेत्रात चिकित्सालय बंद ठेवून दूरध्वनीवरून सल्ला द्यावा, रेड झोनमध्ये तातडीचे उपचार करता येतील, आणि नेहमीचे, थांबू शकणारे उपचार पुढे ढकलावेत. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जेथे साथीचा प्रसार मोठा आहे तेथे नेहमीचे दंतोपचार लांबणीवर टाकण्याचा, मात्र तातडीचे उपचार चालू ठेवण्याचा सल्ला दिला.

दंत विभाग उघडा असण्याचे महत्त्व पुढील वर्षी आणखी एका प्रकारे प्रत्ययास आले. २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेपाठोपाठ, म्यूकरमायकोसिस अर्थात काळी बुरशी देशभर पसरली. जुलै २०२१ पर्यंत देशात तिचे ४५,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. मधुमेह असलेले आणि कोरोनावरील उपचारांत स्टिरॉइड घेतलेले रुग्ण तिला विशेषेकरून बळी पडत. या रोगाची सुरुवात अनेकदा वरच्या जबड्यात दिसते : दात अकस्मात हलू लागतात, हिरडीतून पू येतो, टाळूवर काळसर डाग पडतो. असा रुग्ण प्रथम दाताच्याच डॉक्टरांकडे जातो. आमच्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णांना दंतशल्यचिकित्सकांनी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात रवाना केले. या रोगात एकेक दिवस मोलाचा असतो. त्या वेळी फाटकावर पहिलाच फलक असता तर काय झाले असते, हा विचार आजही आम्हास अस्वस्थ करतो.

जे दिसते आणि जे उपयोगी पडते

त्या काळात समाजाने आम्हास भरभरून दिले, याचा उल्लेख कृतज्ञतापूर्वक करावयास हवा. मुखपट्ट्या, पीपीई किट, हातमोजे, सॅनिटायझर यांचा ओघ सुरू होता. एका स्नेही देणगीदारांनी प्रवेशद्वारावर निर्जंतुकीकरणाचा बोगदा उभारून देण्याची तयारी दर्शविली. येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर औषधाचा फवारा उडेल, अशी ती योजना होती आणि त्या दिवसांत असे बोगदे ठिकठिकाणी उभे राहत होते. परंतु माणसांच्या अंगावर अशी रसायने फवारणे उपयोगाचे नाही, उलट अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच कळविले होते. विषाणू श्वासातून पसरतो. कपड्यांवर फवारा मारून श्वास शुद्ध होत नाही. आम्ही त्या देणगीदारांची भेट घेऊन हे नम्रपणे निवेदन केले आणि त्याऐवजी एक्झॉस्ट पंखे मिळावेत अशी विनंती केली. त्यांनी ती तत्काळ मान्य केली. बोगद्यावर नावाची पाटी लागली असती, पंख्यावर ती लागत नाही. तरीही त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, हे येथे आवर्जून नमूद करतो.

पंख्याचे गणित समजावून घेताना आमच्यातील हिशेबनीस जागा झाला. आमची उपचाराची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच, म्हणजे १,२०० घनफूट. मिनिटाला २४० घनफूट हवा बाहेर टाकणारा पंखा तासाला १४,४०० घनफूट हवा बाहेर टाकतो. म्हणजे खोलीतील हवा तासात १२ वेळा बदलते. या गतीने हवेत तरंगणारे ९९ टक्के कण निघून जाण्यास सुमारे २३ मिनिटे लागतात. हवा तासाला सहाच वेळा बदलत असेल तर त्याच कामास ४६ मिनिटे लागतात. दोन रुग्णांच्या मध्ये खोली किती वेळ मोकळी ठेवावी, हा प्रश्न अंदाजाने नव्हे तर या आकड्यांनी सुटला. मात्र पंखा एका बाजूस असेल तर ताजी हवा आत येण्यास समोरची खिडकी उघडी हवी, आणि पंख्याचे तोंड प्रतीक्षा कक्षाकडे नसावे, हे पथ्य पाळावेच लागते. आमच्या दोन्ही खुर्च्या पूर्वी एकाच दालनात होत्या. त्यांपैकी एक आम्ही शेजारच्या, खिडकी असलेल्या सामानाच्या खोलीत हलविली.

हवेइतकेच महत्त्व तुषार मुळात कमी उडू देण्याला आहे. जोरदार सक्शनचे टोक दाताजवळ धरणारा मदतनीस असला तर बहुतांश तुषार जागच्या जागी ओढले जातात. ज्या दातावर काम करावयाचे तेवढाच मोकळा ठेवून बाकीचे तोंड झाकणारा रबर डॅम अमेरिकेतील एका दंतवैद्याने १८६४ मध्ये शोधून काढला. तो दीडशे वर्षे जुना आणि स्वस्त आहे, तरी महासाथीपूर्वी आमच्याकडे त्याचा वापर क्वचितच होत असे. याशिवाय शक्य तेथे यंत्राऐवजी हाताने वापरावयाची हत्यारे, चेहऱ्यास घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी आणि उपचारानंतर पृष्ठभाग पुसून घेणे, अशी साखळी तयार झाली. तीत एकही कडी चमकदार नाही.

ही साखळी कामी येते, याचा पुरावाही लवकरच मिळाला. अमेरिकेत जून २०२० मध्ये सुमारे २,२०० दंतवैद्यांची पाहणी करण्यात आली. त्यांतील एक टक्क्याहूनही कमी जणांना तोवर कोरोना झाल्याचे आढळले. जवळपास सर्वांनीच वाढीव दक्षता घेतली होती. ज्या व्यवसायाची गणना सर्वाधिक धोक्याच्या कामांत होत होती, त्याने शिस्तीच्या बळावर धोका आटोक्यात ठेवला. आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण सुरू झाले आणि या साखळीस आणखी एक भक्कम कडी मिळाली.

ऑटोक्लेव्हची नोंदवही

आता ज्या बाबीसाठी हे टिपण प्रामुख्याने लिहिले आहे तिच्याकडे वळतो. त्या वर्षीच्या अहवालात या घटनेचा उल्लेख ‘यंत्रदुरुस्ती’ या शीर्षकाखाली एका ओळीत केलेला होता. ते अपुरे होते, असे आज आम्हास वाटते.

दंतोपचाराची हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केली जातात. साध्या पद्धतीत वेष्टनातील हत्यारांना १२१ अंश सेल्सियस तापमानात सुमारे ३० मिनिटे ठेवावे लागते. प्रत्येक पुडक्यावर एक टेप लावलेली असते; उष्णता लागली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. परंतु ती टेप फक्त उष्णता लागल्याचे सांगते. आतील जंतू मेले की नाही, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी अत्यंत चिवट अशा एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू असलेली छोटी पट्टी हत्यारांसोबत यंत्रात ठेवून नंतर ती प्रयोगशाळेत तपासावी लागते. बीजाणू मेले असतील तरच यंत्र विश्वासार्ह. ही परीक्षा आठवड्यातून एकदा घ्यावी, असा दंडक आहे.

जुलै २०२० मध्ये आम्ही विभागाच्या नोंदवह्या तपासत होतो. ऑटोक्लेव्हच्या वहीत प्रत्येक ओळीवर ‘टेप ठीक’ अशी नोंद होती, खाली सही होती. बीजाणू चाचणीचा रकाना मात्र मार्चच्या अखेरच्या आठवड्यापासून कोरा होता. निर्जंतुकीकरणाचे काम पाहणाऱ्या परिचारिकेस आम्हीच कोविड कक्षात पाठविले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या कर्मचाऱ्यास या चाचणीविषयी कोणीही सांगितले नव्हते. त्याच दिवशी चाचणी घेतली. दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा निर्णय आला : बीजाणू जिवंत होते. तंत्रज्ञाने यंत्र उघडून पाहिले तेव्हा दाराचे रबर झिजलेले होते. त्यातच, फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून एका वेळी पुडकी दाटून भरली जात होती आणि वाफ मधल्या पुडक्यांपर्यंत नीट पोहोचत नव्हती.

यंत्र त्याच क्षणी बंद केले. सर्व हत्यारे शस्त्रक्रियागृहाच्या ऑटोक्लेव्हमध्ये पुन्हा निर्जंतुक करण्यात आली. पुढचा प्रश्न अवघड होता. मार्चअखेरची शेवटची समाधानकारक चाचणी आणि यंत्र बंद केल्याचा दिवस, या दरम्यान तातडीचे उपचार घेतलेल्या रुग्णांना हे कळवावयाचे की नाही? विश्वस्त मंडळाच्या बैठकीत दोन्ही मते मांडली गेली. लोक आधीच भयभीत आहेत, प्रत्यक्ष अपाय होण्याचा संभव अत्यल्प आहे, आणि संस्थेच्या नावास धक्का बसेल, असे काहींचे म्हणणे होते. यातील एकही मुद्दा खोटा नव्हता. दुसरी बाजू अशी होती की, धोका रुग्णाच्या शरीराचा आहे, तेव्हा तो जाणून घेण्याचा अधिकारही त्याचाच आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २०१३ मध्ये एका दंतशल्यचिकित्सकाकडील ऑटोक्लेव्हची अशी चाचणी कित्येक वर्षे झालीच नसल्याचे उघडकीस आले होते. तेथील आरोग्य खात्याने सुमारे ७,००० रुग्णांना रक्ततपासणीचा सल्ला दिला आणि एका रुग्णाकडून दुसऱ्यास हेपॅटायटिस-सी झाल्याचे सिद्धही झाले. हे उदाहरण आमच्या दंतशल्यचिकित्सकांनी बैठकीत मांडले. अखेर कळवावयाचे असे ठरले.

प्रत्येक रुग्णास दूरध्वनी करून बोलाविण्यात आले. हेपॅटायटिस-बी, हेपॅटायटिस-सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या विनामूल्य करण्यात आल्या आणि सहा महिन्यांनी त्यांची पुनरावृत्ती झाली. उपचारामुळे संसर्ग झाल्याचे एकाही रुग्णात आढळले नाही. एका वृद्ध गृहस्थांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला काय कळणार होतं?” ते आजही आपल्याकडेच उपचारांस येतात. एक कुटुंब मात्र रागावून गेले ते परत आले नाही. त्यांचा राग रास्त होता, असे आम्ही मानतो.

त्या दिवसापासून नियम असा आहे की, बीजाणू चाचणीचा निकाल दर आठवड्यास व्यवस्थापकाच्या मेजावर येतो आणि त्यावर आमची सही असते. ज्या कर्मचाऱ्याची बदली होते त्याने आपल्या कामांची लेखी यादी पुढच्यास देऊन दोघांनी सही करावी लागते. रोकडवही दररोज जुळवून पाहणाऱ्या आम्हास ही वही जुळवून पाहण्याचे सुचले नव्हते, हाच खरा दोष होता.

नळीतील पाणी

महासाथीत सर्वांचे लक्ष रुग्णाच्या लाळेकडे होते. ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने एक निराळी बाजू पुढे आणली. उपचारांच्या वेळी उडालेल्या तुषारांतील जंतू त्यांनी तपासले, तेव्हा ते मुख्यत्वे रुग्णाच्या लाळेतील नसून यंत्रातून येणाऱ्या पाण्यातील असल्याचे दिसले. कोरोनापुरते पाहता ही दिलासा देणारी गोष्ट होती. परंतु त्याचबरोबर पाणी किती स्वच्छ आहे, हा प्रश्न उभा राहिला.

दंतखुर्चीतून पाणी अतिशय बारीक नळ्यांतून जाते. काम नसताना ते तेथेच साचून राहते आणि नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. दार बंद ठेवलेल्या आठवड्यांत आमच्या नळ्यांतही पाणी साचून होते, याचा विचार आम्ही केला नव्हता. विभाग पुन्हा सुरू करताना दंतशल्यचिकित्सकांनी नळ्या औषधाने धुवून घेतल्यावाचून काम करण्यास नकार दिला, हे आमचे सद्भाग्य.

हा धोका कल्पित नाही. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षे वयाच्या एका स्त्रीस दंतखुर्चीच्या पाण्यातून लिजिओनेला जिवाणूचा न्यूमोनिया होऊन त्यात तिचा अंत झाला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये दुधाच्या दातांवरील उपचारांनंतर अनेक बालकांच्या जबड्यांत दूषित पाण्यामुळे चिवट संसर्ग झाला आणि काहींवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. आपल्याच देशात, तमिळनाडूतील वाणियंबाडी येथे, २०२३ मध्ये एका दंतचिकित्सालयातील उपचारांनंतर मेंदूत मेलिऑइडोसिसचा संसर्ग होऊन आठ जण दगावले. अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा सलाइनची बाटली अस्वच्छ हत्याराने उघडून, सैल झाकून पुन्हा पुन्हा वापरली गेल्याचे पुढे आले. त्या वेळी कोणतीही महासाथ तीव्र स्वरूपात नव्हती. एक बाटली पुरेशी झाली.

आपल्या विभागात आता प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद नळ्यांतून पाणी वाहू दिले जाते, खुर्चीला स्वतंत्र बाटलीतून शुद्ध पाणी पुरविले जाते, ठराविक दिवशी नळ्या औषधाने धुतल्या जातात आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. एका मिलिलिटरमध्ये ५०० हून अधिक जंतू नसावेत, ही मर्यादा आम्ही पाळतो. दाढ काढण्यासारख्या शस्त्रक्रियांत खुर्चीचे पाणी वापरले जात नाही. त्यासाठी निर्जंतुक सलाइनची छोटी बाटली एका रुग्णापुरती उघडली जाते आणि उरलेले सलाइन ओतून दिले जाते. हे ओतून दिलेले सलाइन पाहून पूर्वी आम्हास उधळपट्टी वाटत असे.

खर्चाची बाजू

देणगीदारांसमोर एक गोष्ट स्पष्टपणे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. रुग्णसुरक्षेवरील खर्चातून इमारत उभी राहत नाही, यंत्र दिसत नाही, उद्घाटन होत नाही. बीजाणू पट्ट्या, ऑटोक्लेव्हच्या दाराची रबरे, नळ्या धुण्याचे औषध, एका वापराच्या बाटल्या, पाण्याच्या तपासण्या, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या वर्गांत कचरा वेगळा करण्याची व्यवस्था, आणि सक्शन धरण्यासाठी एक जादा मदतनीस : हा खर्च दरमहा करावयाचा आणि दरमहा संपून जाणारा. हिशेबाच्या भाषेत ही मालमत्ता नव्हे, चालू खर्च. पैशाची चणचण भासली की प्रथम येथेच कात्री लावावीशी वाटते, कारण ती लावल्याचे कोणाच्याही ध्यानात येत नाही. ते ध्यानात येते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने दंत विभागाच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडण्यात आले आहे. त्यातील रक्कम अन्य कामाकडे वळविता येणार नाही. या शीर्षास दिलेल्या देणगीची पाटी भिंतीवर लावता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याऐवजी कोणत्याही देणगीदाराने कोणत्याही कामाच्या दिवशी यावे आणि ऑटोक्लेव्हची व पाण्याची नोंदवही उघडून पाहावी. ती त्यांच्यासाठी खुली राहील.

रुग्ण व नातेवाइकांस विनंती

उपचारापूर्वी पुढील प्रश्न विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. ते विचारल्याने आमचा अवमान होत नाही. उलट साहाय्यच होते.

१. हत्यारांचे पुडके आपल्यासमोर उघडले गेले काय? त्यावर निर्जंतुकीकरणाची तारीख आहे काय?

२. डॉक्टरांनी आपल्यासमोर हात धुऊन नवे हातमोजे घातले काय?

३. भुलीची सुई नवी आहे काय? सलाइनची बाटली आपल्यासाठीच उघडली काय?

४. एअरोटरचा हॅण्डपीस प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये जातो काय? नुसते पुसणे पुरेसे नसते.

५. खोलीत खिडकी अथवा पंखा चालू आहे काय?

आपल्याकडूनही दोन अपेक्षा आहेत. ताप, खोकला वा सर्दी असल्यास आधी दूरध्वनी करावा. थांबू शकणारा उपचार पुढची तारीख घेऊन करता येतो. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वीची कावीळ यांची माहिती लपवू नये. दक्षता सर्वांसाठी सारखीच घेतली जाते. माहितीमुळे कोणासही परत पाठविले जात नाही. आणि सूज वा ताप असलेले दातदुखणे घरी अंगावर काढू नये.

समारोप

महासाथीच्या प्रारंभी सुरक्षितता म्हणजे दार बंद करणे, असे आम्हास वाटले. मग ती अंगावरच्या किटमध्ये आहे असे वाटले. अखेर ती एका वहीच्या कोऱ्या रकान्यात आणि नळीत साचलेल्या पाण्यात सापडली. पुढील साथ कोणत्या विषाणूची असेल, हे कोणासही सांगता येणार नाही; परंतु त्या दिवशी उपयोगी पडणारी शिस्त मात्र आजच्या साध्या मंगळवारीच अंगी बाणवावी लागते. दंत विभागातील डॉक्टर, परिचारिका, मदतनीस आणि स्वच्छतेचे काम करणाऱ्या मावशी व मामा यांनी ही शिस्त गेली पाच वर्षे सांभाळली आहे. फाटकावरील पहारेकऱ्यांचाही त्यात वाटा आहे : तो जुना फलक आता त्यांच्या खोलीत उलटा करून ठेवला आहे आणि नव्या माणसास कामावर घेताना तो दाखविला जातो.

आपला विश्वास हीच या संस्थेची खरी ठेव आहे. तिचा हिशेब आम्ही येथे दिला आहे. त्यात त्रुटी आढळल्यास अवश्य कळवावे, ही नम्र विनंती.